जुना प्रोग्रॅम, नवी आवृत्ती

संगणकाचा प्रोग्रॅम क्रॅश होणे म्हणजे काय, याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलले आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा चुकीच्या जागी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला अडवणारे त्यात काहीच नव्हते. त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर सांगितलेल्या पत्त्यावर सांगितलेला आकडा लिहून मोकळा होई. ती जागा एमएस-डॉसच्या स्वतःच्या कोडची असली, तर मशीन थोड्या वेळाने थिजे आणि बटण बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. ती जागा रिकामी असली, तर काहीच बिघडत नसे आणि चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नसे. पुढच्या पिढीतले प्रोसेसर मेमरीवर पहारा ठेवू लागले. प्रोग्रॅमने हद्दीबाहेरच्या पत्त्याला हात लावला की प्रोसेसर तिथेच थांबतो, ऑपरेटिंग सिस्टिमला खबर देतो आणि ती त्या प्रोग्रॅमला बंद करते. आज पडद्यावर दिसणारा क्रॅश बहुतेक वेळा हाच अटकाव असतो. चूक प्रोग्रॅममध्ये असते. पण हद्द कुठे आखली आहे, तिच्या पलीकडे काय ठेवले आहे आणि पहारा किती कडक आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती ठरवते. म्हणून एकाच चुकीने एका आवृत्तीवर काहीच होत नाही, दुसरीवर प्रोग्रॅमची खिडकी बंद होते आणि तिसरीवर सगळे मशीन बसते.

प्रोग्रॅम लिहिणारा दोन गोष्टींच्या भरवशावर लिहितो. एक म्हणजे सिस्टिम बनवणाऱ्याने छापून दिलेले नियम. दुसरी म्हणजे चाचणी घेताना त्याच्या मशीनवर प्रत्यक्ष जे घडले ते. हा दुसरा भरवसा बहुधा नकळत ठेवलेला असतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा. नवी आवृत्ती छापील नियम जपते, पण न छापलेल्या सवयी बदलते. जुने प्रोग्रॅम पडतात ते नेमके या जागी. सिस्टिम बनवणाऱ्यांनी आपण कधीही न दिलेली ही वचने पाळण्यासाठी जे कष्ट उपसले, ते संगणकाच्या इतिहासातले फार थोड्यांना माहीत असलेले आणि खरोखर दाद द्यावी असे काम आहे.

या कामाची पहिली मोठी खूण आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटी मशीनमध्ये सापडते. ८०८८ ला पत्त्याच्या वीस तारा होत्या, म्हणजे तो एक मेगाबाइट मेमरी पाहू शके. त्याची पत्ते मोजण्याची रीत मात्र अशी होती की हिशेबाने एक मेगाबाइटच्या थोडे पुढचे पत्तेही तयार होत. एकविसावी तारच नसल्याने असा पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जाई. एटीमधल्या ८०२८६ प्रोसेसरला चोवीस तारा होत्या. त्यावर तोच पत्ता गुंडाळून मागे न येता खरोखर एक मेगाबाइटच्या पुढे जाऊ लागला. पत्ता मागे येतो याच्या आधारावर चालणारे काही प्रोग्रॅम तोवर बाजारात होते. त्यांच्यासाठी आयबीएमने एकविसाव्या तारेवर, म्हणजे शून्यापासून मोजता विसाव्या क्रमांकाच्या तारेवर, एक फाटक बसवले आणि ते उघडण्या-मिटण्याचे काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवले, कारण तिथे एक पिन मोकळी होती. 'ए-ट्वेंटी गेट' म्हणून ओळखले जाणारे हे फाटक पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पीसीत राहिले.

फाटकाने प्रश्न मिटला असे नाही, तो पुढे ढकलला गेला. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ ने एक मेगाबाइटच्या वरची सुमारे ६४ किलोबाइटची पट्टी वापरात घेतली आणि स्वतःचा बराचसा कोड तिथे हलवला. त्यासाठी फाटक उघडे ठेवणे आले. खालची मेमरी मोकळी झाली, लोकांना हवे होते तेच मिळाले. पण मोकळ्या झालेल्या जागेमुळे प्रोग्रॅम आता पूर्वीपेक्षा खाली, पहिल्या ६४ किलोबाइटच्या आतच भरले जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्याच एका साधनाने आकुंचित केलेल्या प्रोग्रॅमचा उलगडणारा कोड इतक्या खाली भरला गेला की पत्ता मागे गुंडाळला जाईल असे धरून चाले. फाटक उघडे असल्याने तसे होईना, आणि पडद्यावर संदेश येई की आकुंचित फाइल खराब आहे. फाइल पूर्णपणे धड होती. यावर डॉस ५ मध्ये लोडफिक्स नावाची आज्ञाच दिलेली होती. तिचे काम एवढेच, की पहिले ६४ किलोबाइट अडवून ठेवायचे आणि प्रोग्रॅम त्याच्या वर चढवायचा. वापरणाऱ्याची मेमरी वाढल्याने प्रोग्रॅम बंद पडावा आणि ती मुद्दाम कमी केल्यावर चालावा, ही गोष्ट तेव्हाच्या वापरणाऱ्यांना चमत्कारिक वाटली तर नवल नाही. त्याच डॉसमध्ये सेटव्हर ही आणखी एक सोय होती. काही प्रोग्रॅम ठरावीक क्रमांकाची आवृत्तीच मागत. सेटव्हर त्यांना यादीत पाहून जुना क्रमांक सांगे.

ॲपलच्या मॅकिंटॉशवर हाच पेच वेगळ्या रूपात आला. १९८४ च्या मॅकमधला मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर पत्ता ३२ बिटांत साठवी, पण त्यातले २४ बिटच तारांपर्यंत पोचत. वरचे आठ बिट वाया जाताहेत असे पाहून ॲपलच्या स्वतःच्या मेमरी व्यवस्थेने त्यांत खुणा ठेवायला सुरुवात केली: हा तुकडा हलवायचा नाही, हा गरज पडल्यास टाकून द्यायचा. १२८ किलोबाइटच्या मशीनमध्ये ती काटकसर शहाणपणाचीच होती. अनेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही त्या बिटांना थेट हात घातला. मग १९८७ चा मॅक टू आला, पत्त्याचे सगळे बिट वापरू शकणारे प्रोसेसर आले आणि १९९१ मध्ये सिस्टिम ७ ने ३२ बिटांचे पत्ते खुले केले. ज्या आठ बिटांना कालपर्यंत काही अर्थ नव्हता ते आता पत्त्याचाच भाग झाले. खुणा भरलेले पत्ते भलत्याच जागी नेऊ लागले आणि पडद्यावर बॉम्बचे चित्र येऊ लागले. ॲपलला मेमरीच्या सेटिंगमध्ये एक कळ ठेवावी लागली: जुने प्रोग्रॅम चालवायचे तर २४ बिट निवडा आणि मशीन पुन्हा सुरू करा. काही मॅकच्या कायमस्वरूपी चिपमधला कोडही त्याच जुन्या समजुतीवर लिहिलेला होता. त्यांच्यासाठी कनेक्टिक्स या कंपनीने केलेले मोड३२ हे सॉफ्टवेअर ॲपलने परवाना घेऊन ग्राहकांना दिले.

विंडोजचा खरा प्रसार १९९० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज ३.० पासून झाला. ही आवृत्ती प्रोसेसरचा पहारा असलेली पद्धत वापरू लागली, आणि तोवर निर्वेध चाललेल्या प्रोग्रॅमांच्या चुका एकदम उघड्या पडल्या. जुन्या पद्धतीत शून्य पत्त्यावरून वाचले तर काहीतरी आकडा हाती येई आणि काम पुढे सरके. नव्या पद्धतीत तिथेच सगळे थांबे. विंडोज २ साठी लिहिलेला प्रोग्रॅम उघडताना विंडोज ३.० आधीच सावधगिरीची सूचना देई. त्या आवृत्तीवरचा 'अनरिकव्हरेबल ॲप्लिकेशन एरर' हा संदेश इतका कुप्रसिद्ध झाला की १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तो नाहीसा झाला आणि 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' आला. बदल केवळ नावाचा नव्हता. ३.१ मध्ये प्रोग्रॅमकडून आलेली मूल्ये आत घेण्यापूर्वी तपासली जात. त्यामुळे पूर्वी विंडोजच्या पोटात जाऊन सगळी सिस्टिम बसवणारी चूक आता दारातच परत पाठवली जाई. बिघाड कुठे झाला याची नोंद ठेवणारे डॉक्टर वॉटसन हे साधनही त्याच आवृत्तीसोबत मिळू लागले.

विंडोज ९५ तयार होत असताना मायक्रोसॉफ्टने जुन्या प्रोग्रॅमांसाठी जे केले, त्याची सविस्तर माहिती कंपनीतले अभियंते रेमंड चेन यांच्या लेखनातून मिळते. विंडोज ९५ च्या विकासाचे व्यवस्थापक आपला पिकअप ट्रक घेऊन जवळच्या एगहेड सॉफ्टवेअरच्या दुकानात गेले आणि दुकानातल्या प्रत्येक पीसी प्रोग्रॅमची एकेक प्रत विकत घेऊन आले. ते प्रोग्रॅम सहकाऱ्यांत वाटून दिले गेले. ज्याने जो घेतला त्याने तो नव्या विंडोजवर चालवून बघायचा आणि जे मोडेल ते शोधायचे.

अशा तपासणीच्या काळातली सिमसिटीची गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते, आणि ती तशी सांगण्याजोगीच आहे. मॅक्सिस कंपनीचा हा शहर वसवण्याचा खेळ विंडोज ३.१ वर व्यवस्थित चाले. विंडोज ९५ च्या चाचणी आवृत्तीवर तो क्रॅश होऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी तो आज्ञेमागून आज्ञा असा तपासला, तेव्हा दिसले की खेळ मेमरीचा एक तुकडा सिस्टिमला परत करतो आणि लगेच त्यातूनच पुन्हा वाचतो. भाड्याची खोली सोडून किल्ली मालकाच्या हाती दिल्यावर विसरलेली वस्तू घ्यायला परत जावे, तसे हे होते. विंडोज ३.१ परत आलेली खोली लगेच दुसऱ्याला देत नसे, म्हणून वस्तू जागच्या जागी सापडे. विंडोज ९५ ची मेमरी वाटण्याची पद्धत वेगळी होती. तिथे तोवर दुसऱ्याचे सामान आलेले असे. नियमाप्रमाणे दोष निखळ सिमसिटीचा होता. पण ज्या ग्राहकाने नवी विंडोज विकत घेतली, त्याच्या दृष्टीने काल चालणारा खेळ आज विंडोजने मोडला एवढेच खरे होते. म्हणून विंडोज ९५ मध्ये खास कोड घातला गेला: सिमसिटी चालू आहे असे दिसले तर परत आलेली मेमरी लगेच वापरायची नाही.

आवृत्तीचा क्रमांक विचारण्याच्या बाबतीतही असेच झाले. कितीतरी प्रोग्रॅम विंडोज ३.१ किंवा त्यापुढची आहे का हे बघताना मुख्य आणि उपक्रमांक वेगवेगळे तपासत: मुख्य निदान ३ हवा, उपक्रमांक निदान १० हवा, कारण ३.१ हा ३.१० असा कळवला जाई. विंडोज ९५ च्या ४.० या अंतर्गत क्रमांकातला शून्य दहापेक्षा लहान, म्हणून नवी विंडोज जुनी समजून हे प्रोग्रॅम चालायला नकार देत. तेव्हा १६ बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमांना विंडोज ९५ आपला क्रमांक ३.९५ सांगू लागली. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक ६.१ ठेवण्यामागेही, व्हिस्टाच्या ६.० साठी केलेल्या तपासण्या मोडू नयेत, हेच कारण होते. विंडोज ८.१ पासून तर नवी आवृत्ती ओळखतो असे स्वतःहून जाहीर न करणाऱ्या प्रोग्रॅमला क्रमांक विचारल्यास विंडोज ८ चाच क्रमांक मिळतो.

नव्वदीच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या दोन वेगळ्या विंडोज शेजारी शेजारी नांदत होत्या आणि त्यांच्यावरचे क्रॅश मुळापासून निराळे होते. विंडोज ९५, ९८ आणि एमई ही घरगुती शाखा डॉसच्या पायावर उभी होती. तिच्यात मेमरीच्या पत्त्यांपैकी दोन ते तीन गिगाबाइटचा पट्टा सगळ्या प्रोग्रॅमांत सामाईक होता आणि विंडोजचे महत्त्वाचे भाग त्यातच राहत. एका प्रोग्रॅमने तिथे भलते काही लिहिले, तर दुसराच प्रोग्रॅम पडे किंवा सगळी सिस्टिम बसल्याचा निळा पडदा येई. १६ बिटांचा एखादा प्रोग्रॅम अडून बसला तर बाकीच्यांच्या खिडक्याही गोठत. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली लिहिलेली विंडोज एनटी १९९३ मध्ये आली. तिने प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा पत्तासंच दिला आणि सिस्टिमचा गाभा पूर्णपणे बंदिस्त केला. एनटीवर प्रोग्रॅम पडला तर एकटाच पडे. निळा पडदा आला, तर दोष बहुधा गाभ्यात शिरकाव असलेल्या ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा असे. या शिस्तीची किंमतही होती: साउंड कार्डाशी थेट बोलणारे डॉसचे खेळ विंडोज ९५ वर चालत, एनटीवर नाही.

मेमरीइतकाच घड्याळाचाही त्रास होता. विंडोज सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजते. ती मोजणी ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. विंडोज ९५ आणि ९८ चा एक ड्रायव्हर त्या क्षणी गोंधळे आणि मशीन थिजे. एनटीवर तीच मोजणी तशीच शून्यावर येई, पण सिस्टिम बसत नसे. हा दोष उजेडात यायला १९९९ साल उजाडले, कारण सात आठवडे अखंड चालू राहणारे घरगुती मशीन दुर्मीळच. याच्या उलट दोष एएमडीच्या के६-२ प्रोसेसरने दाखवला. विंडोज ९५ मशीनचा वेग मोजण्यासाठी एक फेरी ठरावीक वेळा फिरवी आणि लागलेल्या वेळाने भागाकार करी. ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या के६-२ वर ती फेरी इतक्या चटकन संपे की वेळ शून्य भरे. शून्याने भागल्यामुळे विंडोज सुरू होतानाच बंद पडे. तेच मशीन विंडोज ९८ वर बिनतक्रार चाले.

२००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती ग्राहकांना एनटीच्या शाखेवर आणले. विंडोज ९५ च्या ढिलाईत वाढलेले हजारो प्रोग्रॅम एकाच वेळी कडक पहाऱ्याखाली आले. तोवर केलेल्या सुट्या सुट्या डागडुजीला मायक्रोसॉफ्टने आता व्यवस्थित रूप दिले. विंडोजच्या सोबत प्रोग्रॅमांची एक नोंदवही येऊ लागली. प्रोग्रॅम सुरू होताना त्याचे नाव आणि इतर खुणा तिच्याशी ताडून पाहिल्या जातात, आणि नोंद सापडली तर प्रोग्रॅम व विंडोज यांच्यामध्ये छोटासा कोड बसवला जातो, ज्याला शिम म्हणतात. तो कधी जुना क्रमांक सांगतो, कधी परत आलेली मेमरी उशिरा सोडतो. फाइलच्या गुणधर्मांत दिसणारा 'कंपॅटिबिलिटी' हा विभाग त्याच यंत्रणेचे वापरणाऱ्यासाठी उघडे ठेवलेले दार आहे. सामाईक डीएलएल फाइलींचा घोळही याच सुमारास आवरला गेला. नव्या प्रोग्रॅमने जुन्या डीएलएलवर आपली आवृत्ती चढवायची आणि दुसराच प्रोग्रॅम पडायचा, हा प्रकार इतका बोकाळला होता की त्याला 'डीएलएल हेल' असे नाव पडले होते. विंडोज २००० ने आपल्या फाइलींना संरक्षण दिले आणि एक्सपीने एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवण्याची सोय केली.

यानंतर पहारा वाढला तो सुरक्षिततेसाठी. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर वर्मने जगभरच्या विंडोज मशीनांत धुमाकूळ घातला. वर्षभराने आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने प्रोसेसरच्या मदतीने असा नियम आणला, की माहिती ठेवण्याच्या जागेतून आज्ञा चालवता येणार नाहीत. हल्लेखोरांसाठी केलेला हा बंदोबस्त काही प्रामाणिक प्रोग्रॅमांनाही लागला, कारण धावता धावता स्वतःच कोड तयार करून तो साध्या मेमरीतून चालवण्याची त्यांची पद्धत होती. म्हणून घरगुती विंडोजवर हा नियम सुरुवातीला मुख्यतः विंडोजच्या स्वतःच्या भागांपुरता ठेवला गेला, सर्व्हरवर मात्र सर्वांना लागू झाला. एकच प्रोग्रॅम एकीकडे चाले आणि दुसरीकडे पडे. २००७ च्या व्हिस्टाने सिस्टिमच्या डीएलएलचे पत्ते मशीन सुरू होताना बदलते ठेवले, मेमरी वाटण्याची यंत्रणा अधिक काटेकोर केली आणि तोवर प्रशासकाच्या हक्कांनी चालत आलेल्या प्रोग्रॅमांनाही 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये सरसकट लिहिण्यास मनाई केली. जे प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरात माहिती साठवत, त्यांचे लिखाण व्हिस्टा गुपचूप दुसऱ्या फोल्डरात वळवू लागली. व्हिस्टाला तेव्हा भरपूर बोलणी बसली. जुन्या प्रोग्रॅमांच्या तक्रारींचा मोठा भाग मात्र त्या प्रोग्रॅमांनी मुळातच गृहीत धरायला नको होते अशा गोष्टींतून आलेला होता, आणि आजच्या विंडोजची सुरक्षा त्याच बदलांवर उभी आहे.

६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणे पूर्णपणे सोडून दिले. याचा फटका नव्वदीतल्या कित्येक ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरलाही बसला, कारण त्यांना मशीनवर चढवणारा इन्स्टॉलर १६ बिटांचा होता. ड्रायव्हरही ६४ बिटांचेच आणि स्वाक्षरी असलेले लागू लागले. महाराष्ट्रातल्या मुद्रणव्यवसायाला हे विशेष जाणवले. पाने मांडण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, आणि मराठी डीटीपीची अनेक केंद्रे तिच्यावर व युनिकोडपूर्व फाँटवर चालत होती. भारतीय भाषांची बरीच सॉफ्टवेअर संगणकाला मागून जोडायच्या हार्डवेअर लॉकसह विकली जात. त्या लॉकचा जुना ड्रायव्हर ६४ बिटांच्या गाभ्यात भरला जाणे शक्य नसे. म्हणून नवे मशीन आल्यावरही मजकूर जुळवण्यासाठी एक्सपीचा जुना संगणक बाजूला जपून ठेवणे भाग पडे. मॅकवर २४ बिटांच्या पत्त्यांनी घातलेला घोळ मात्र इथे टाळला गेला. ३२ बिटांचा प्रोग्रॅम दोन गिगाबाइटच्या पुढचे पत्ते झेपतात असे आपल्या फाइलीत जाहीर करत नाही, तोवर विंडोज त्याला ते देतच नाही. पत्त्याच्या सर्वांत वरच्या बिटात कोणी खूण ठेवली असेल तर ती सुरक्षित राहावी म्हणून.

विंडोज ७ ने याही पुढचे पाऊल टाकले. एखादा प्रोग्रॅम मेमरीच्या गैरवापरामुळे वारंवार पडतो असे दिसले, तर ती त्याच्या मेमरीच्या तुकड्यांना थोडी जादा जागा देते आणि परत आलेले तुकडे उशिरा सोडते. सिमसिटीसाठी हाताने केलेला उपाय आता आपोआप होऊ लागला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मात्र याने चकवले जाते. दोष शोधत असतानाच तो दिसेनासा होतो आणि आपण तो दुरुस्त केला असे त्यांना वाटते.

हे केवळ विंडोजचे दुखणे आहे असे समजण्याचे कारण नाही. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर ॲडोबीच्या फ्लॅश प्लेअरमधून येणारे आवाज खरखरू लागले. ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीतले मेमरी नकलण्याचे काम नव्या इंटेल प्रोसेसरांवर वेगाने व्हावे म्हणून ते काही वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे करण्यात आले होते. नक्कल करायचे दोन भाग एकमेकांवर येत असतील तर हे फंक्शन वापरू नये, हा नियम सी भाषेच्या प्रमाणग्रंथात स्पष्ट होता. फ्लॅशने तो मोडला होता, पण आजवर काही बिघडले नव्हते. दोष फ्लॅशचा की लायब्ररीचा या वादात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्यांची बाजू घेतली: नियम कोणाच्या बाजूने आहे याने वापरणाऱ्याच्या कानावर येणारी खरखर थांबत नाही. शेवटी ग्लिबसी २.१४ ने दोन्ही साधले. आधी बांधलेल्या प्रोग्रॅमांना सुरक्षित जुनी वागणूक मिळाली आणि नव्याने बांधलेल्यांना वेगवान नवी.

देवनागरीचाही यात एक प्रसंग आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत आयफोनच्या आयओएस ११.२.५ वर तेलुगू लिपीतले एकच जोडाक्षर संदेशात आले तरी संदेशाचे ॲप बंद पडू लागले. अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणाऱ्या कोडमधला तो दोष होता, आणि अभ्यासकांनी तपासल्यावर बांगला व देवनागरीतल्या काही अक्षरजुळण्यांनीही तो उद्भवतो असे आढळले. देवनागरीत त्यासाठी व्यंजनाला जोडलेला 'र', मग जोड तोडणारे अदृश्य चिन्ह आणि पुढे स्वरचिन्ह असा क्रम लागे. नेहमीच्या मराठी लेखनात तो येत नाही, म्हणून मराठी वापरणारे वाचले. ११.२.६ मध्ये तो दुरुस्त झाला. चाचणीसाठी आलेल्या ११.३ वर तो आधीच नव्हता.

अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' या खेळाचे आहे. पीसीवर तो २००५ मध्ये आला. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आल्यावर त्यातले स्किमर हे पाण्यावर उतरणारे विमान नाहीसे झाले, आणि काही युक्तीने ते आणलेच तर खेळाडू अवकाशात फेकला जाई. २०२५ मध्ये कारण सापडले. वाहनांची माहिती देणाऱ्या फाइलीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचे राहिले होते, कारण मालिकेतल्या आधीच्या खेळात स्किमर होडी म्हणून नोंदलेले होते. ओळ वाचणारा कोड ते आकडे मिळाले का हे तपासत नसे आणि त्यांना सुरुवातीचे मूल्यही देत नसे. त्यामुळे आधीच्या ओळीतल्या वाहनाची चाके मेमरीच्या त्या जागी तशीच राहत आणि स्किमरला लागू पडत. दोन ओळींच्या वाचनामध्ये विंडोजचे एक अंतर्गत फंक्शन चाले, ते मेमरीच्या त्या जागेपर्यंत पोचत नसे. २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या फंक्शनची रचना बदलली, ते थोडी जास्त जागा वापरू लागले आणि जुनी चाके पुसली जाऊन तिथे प्रचंड मोठा आकडा उरला. एक्सपीपासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांवर जवळपास वीस वर्षे ही ओळ अपुरीच होती. दुरुस्तीसाठी फाइलीत चाकांचे राहिलेले आकडे भरणे पुरेसे ठरले.